झाडांची ओळख

(धर्मग्रामाच्या ज्युबिली व्याख्यानमालेंत, तुंगारेश्वराच्या रानांतील तीन फेऱ्या पूर्ण झाल्यावर, दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या वर्षांत ह्या व्यासपीठावरून आपण अनेक विद्वान् वक्त्यांचीं भाषणें ऐकिलीं. कोणीं आपल्या पूर्वजांच्या इतिहासाविषयीं सांगितलें, कोणीं शिक्षणाविषयीं, कोणीं कुटुंबाविषयीं. मला जो विषय नेमून देण्यांत आला आहे, तो त्या मानानें लहान वाटेल. रानांतील झाड कसें ओळखावें, एवढाच तो विषय. परंतु तो लहान आहे असें मला स्वतःला वाटत नाहीं, आणि भाषण संपल्यावर तुम्हांलाही तसें वाटूं नये, असा माझा प्रयत्न राहील.

आपल्या वसईच्या कोणत्याही गांवीं उभे राहून पूर्वेकडे पाहिलें, कीं तुंगारची निळी रांग दिसते. आपल्या आजापणज्यांनीं ती पाहिली, आपणही रोज पाहतों. पण पाहणें वेगळें आणि ओळखणें वेगळें. शेजारच्या माणसाचें नांव पन्नास वर्षांत विचारिलें नाहीं, तर तो शेजार कसला? वाडींतील झाडांशीं आपला असा परकेपणा नाहीं. नारळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, भेंड, ताड हीं आपल्या घरचींच माणसें आहेत. राजेळी केळ कोणती आणि वेलची केळ कोणती, हें घड पडण्यापूर्वींच सांगणारे बागायतदार ह्या सभेंत बसलेले आहेत. मग ही नजर वाडीच्या कुंपणाशींच कां थांबावी? रानांतलें झाड ओळखण्यास नवी नजर लागत नाहीं. आहे तीच थोडी लांब न्यावी लागते. तीन फेऱ्यांत आम्ही जें शिकलों, त्याचें सार हेंच आहे.

प्रथम रानाविषयीं दोन शब्द. तुंगारेश्वराचें रान शासनानें २००३ सालीं वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित केलें. त्याचें क्षेत्र सुमारें ८५ चौरस किलोमीटर आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि उत्तरेस हें अभयारण्य, अशीं दोन रानें एका महानगराच्या उशाशीं अजून उभीं आहेत. हें रान पानगळीचें आहे. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने जवळजवळ कोरडे, अशी येथली हवा. आणि पाण्याची ही ओढाताण झाडांनीं पानें गाळून सोडविली आहे. म्हणून येथील झाड वर्षांतून तीनदां तरी वेष बदलतें. जो एकदांच जातो, त्याला झाडाचा एकच वेष कळतो. ह्यासाठीं आपल्या मंडळींनीं वनखात्याची रीतसर परवानगी काढून फेब्रुवारी, मे व ऑक्टोबर अशा तीन महिन्यांत तीन फेऱ्या केल्या, आणि तिन्ही वेळां वाट तीच ठेविली.

आमचे वाटाडे डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरील वृद्ध वारली गृहस्थ होते. आपलें नांव छापलें जावें अशी त्यांची इच्छा नाहीं, म्हणून मीही तें येथें घेत नाहीं. आम्ही सर्व त्यांना बाबा म्हणत होतों. शाळेंत ते फार दिवस गेलेले नाहींत. पण त्यांची शिकविण्याची रीत एखाद्या अनुभवी शिक्षकासारखी होती. त्यांनीं पहिल्याच दिवशीं दोन नियम घालून दिले. एक, झाडावरचें पान तोडावयाचें नाहीं; खालीं पडलेलें उचलून पाहावयाचें, आणि पाहून झाल्यावर तेथेंच ठेवावयाचें. अभयारण्याचा कायदाही हेंच सांगतो, हें आम्हांस मागाहून कळलें. दुसरा नियम, झाडाचें नांव आधीं विचारावयाचें नाहीं. नांव हातीं आलें, कीं माणूस पाहणें सोडतो, असें त्यांचें म्हणणें. झाडाच्या तीन खुणा आपण सांगाव्या, मग ते नांव सांगत. ह्या एका नियमानें आमच्या मंडळींचे डोळे जेवढे उघडले, तेवढे कोणत्याही पुस्तकानें उघडले नसते.

पहिली खूण सालीची. आपण झाड पाहावयाचें म्हणजे मान वर करून पानें पाहतों. बाबा आधीं खोडाला हात लावीत. फेब्रुवारींत अर्ध्या रानावर पान नसतें, तेव्हां सालीवांचून दुसरा आधार तरी कोणता? ऐनाची साल काळपट, जाड, आणि उभ्याआडव्या भेगांनीं चौकोन पडलेली असते. मगरीच्या पाठीवर हात फिरवावा तशी ती लागते. खैराची साल लांब पट्ट्यांनीं सुटते, आणि त्याच्या फांद्यांवर आंकड्यासारखे वळलेले कांटे जोडीजोडीनें असतात. ह्याच खैराचें आंतलें लालसर लांकूड उकळून विड्यांतला कात काढतात. काटेसावरीचें खोड तर आंधळ्यालाही चुकावयाचें नाहीं. तरुणपणीं त्यावर शंकूसारखे जाड कांटे असतात, आणि झाड वाढत गेलें कीं ते बुंध्याकडून गळून जातात. नाण्याची साल गुळगुळीत व फिकट, पापुद्र्यांनीं निघणारी. आणि कांडोळ नांवाचें एक झाड आपल्या डोंगरांत खडकाळ जागीं होतें. त्याची साल पांढरी, चकचकीत, कागदासारखी. उन्हाळ्यांत पानें झडून तें चांदण्या रात्रीं उभें असलें म्हणजे खरोखर भूत उभें आहे असें वाटतें. म्हणूनच कित्येक गांवीं त्याला भुत्या म्हणतात.

दुसरी खूण पानांच्या मांडणीची. पान लांब कीं वाटोळें, हा प्रश्न नंतरचा; पान फांदीवर कसें बसलें आहे, हा प्रश्न पहिला. कांहीं झाडांचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात, कांहींचीं एकाआड एक, आणि कांहींचीं एकाच ठिकाणीं चक्रासारखीं. सागाचें उदाहरण घ्या. त्याचीं पानें जोडीनें येतात. एक जोडी पूर्वपश्चिम असली तर तिच्या वरची दक्षिणोत्तर. फांदी हातांत धरली तर ती वाटोळी नसून चौकोनी लागते. खालीं पडलेलें कोंवळें पान बोटांनीं चुरडलें, तर बोटें तांबडीं होतात. पहा, तीन खुणा झाल्या, आणि आतां साग म्हणण्याचा आपल्याला अधिकार आला. चक्राकार मांडणीसाठीं सातवीण पाहावी. तिचीं पानें एका जागीं बहुधा सात, हाताच्या बोटांसारखीं पसरलेलीं. संस्कृतांत तिला सप्तपर्णी म्हणतात. तिच्या लांकडाच्या पूर्वीं मुलांसाठीं पाट्या करीत, म्हणून शास्त्रज्ञांनीं तिच्या नांवांत 'स्कोलारिस', म्हणजे शाळेची, असा शब्द घातला आहे.

ह्याच ठिकाणीं नवशिक्याला एक मोठी अडचण येते. बहाव्याची किंवा चिंचेची एक डहाळी हातांत घेतली, तर त्यांतलें पान कोणतें? तो एकेक लहान तुकडा, कीं ती सगळी दांडी? ह्याचें उत्तर आपल्या बागायतदारांना आधींच माहीत आहे. जेथें पानाचा देठ फांदीला मिळतो, तेथें बगलेंत डोळा असतो. डोळा बांधून कलम करणाराला हें सांगावें लागत नाहीं. डोळा जेथें सांपडेल तेथून पुढें सर्व मिळून एक पान. आणि ज्या तुकड्याच्या बगलेंत डोळा नाहीं, तो पान नसून पानाची पाकळी, म्हणजे पर्णिका होय. म्हणून बहाव्याचें एक पान चांगलें हातभर लांब असतें आणि त्याला चारपासून आठपर्यंत पर्णिकांच्या जोड्या असतात. मुलांनीं ही युक्ति एका दिवसांत उचलली, आणि परतीच्या वाटेवर रस्त्यांतल्या प्रत्येक झाडाच्या बगलेंत डोळा शोधण्याचा त्यांनीं सपाटा लाविला.

तिसरी खूण चिकाची, वासाची आणि कांट्याची. मोह, वड, उंबर, करवंद, कुडा ह्यांना पांढरा चीक आहे. साग, ऐन, खैर ह्यांना तो नाहीं. पण येथें सावधपणा पाहिजे. बिब्ब्याच्या फळाच्या काळ्या रसानें अंगावर फोड येतात. धोबी त्याच रसानें कपड्यांवर खुणा करीत, त्या धुतल्यानें जात नसत. म्हणून अनोळखी झाडाचा चीक अंगास लावूं नये, अनोळखी फळ जिभेवर ठेवूं नये, हा नियम लहानांनींच नव्हे तर मोठ्यांनींही पाळावा. ओळख पुरी होण्यापूर्वीं सलगी करूं नये, ही गोष्ट माणसांना लागू आहे तशी झाडांनाही आहे.

आतां खरी परीक्षा सांगतों. झाड ओळखतां येतें कीं नाहीं, हें वेगळ्या दिसणाऱ्या झाडांवरून कळत नाहीं. सारख्या दिसणाऱ्या भावंडांवरून कळतें. ऐन आणि अर्जुन हे सख्खे भाऊ. दोघांच्याही फळांना पांच पांच पंख असतात. परंतु ऐनाची साल मगरीची, तर अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट, मोठमोठ्या पापुद्र्यांनीं सुटणारी. ऐन डोंगराच्या अंगावर कोठेंही उभा राहतो. अर्जुन ओढ्यानदीचा कांठ सहसा सोडीत नाहीं. ऐनाच्या पानाच्या पाठीवर, देठाजवळ, मधल्या शिरेवर एकदोन लहान गांठी असतात. त्या बोटाला लागल्या म्हणजे शंका उरत नाहीं. हिरडा आणि बेहडा हेही त्याच घराण्यांतले. बेहड्याचीं पानें फांदीच्या टोकाशीं गर्दी करून बसतात आणि त्याचें फळ वाटोळें व मखमली असतें. हिरड्याच्या सुकलेल्या फळावर उभ्या कडा असतात.

पळस आणि पांगारा ह्यांचीही गल्लत होते. पळसाला पानें तीन, ही म्हण आपण सर्वांनीं ऐकिली आहे. पण पांगाऱ्यालाही तीनच असतात. पळसाचें पान चामड्यासारखें जाड व खरबरीत, म्हणून त्याच्या पत्रावळी टिकतात. पांगाऱ्याचें पान मऊ, आणि त्याच्या अंगावर कांटे असतात. फेब्रुवारींत हीं दोन्ही आणि तिसरी सावर, अशीं तिन्ही झाडें बिनपानांचीं होऊन फुलतात. दुरून तिन्ही लालच. जवळ गेलें म्हणजे पळसाचें फूल केशरी व पोपटाच्या चोंचीसारखें बांकलेलें, पांगाऱ्याचीं फुलें लालभडक व फांदीच्या टोकाशीं झुपक्यांनीं, आणि सावरीचें फूल पेल्याएवढें, पांच जाड पाकळ्यांचें, असा भेद दिसतो. आपट्याचें आणि कांचनाचें तर दरवर्षीं दसऱ्याच्या बाजारांतच गौडबंगाल होतें. दोन्हींचीं पानें मधोमध दुभंगलेलीं. पण आपट्याचें पान लहान, जाड, आणि लांबीपेक्षां रुंदीला अधिक. कांचनाचें मोठें, पातळ व लांबट. सोनें म्हणून घेणाऱ्यांतील पुष्कळांना बाजारांत कांचनच दिला जातो, आणि बिचारा कांचन विनाकारण ओरबाडला जातो. ओळख नसल्याचा दंड नेहमीं झाडालाच पडतो, तो असा.

मे महिन्याच्या फेरींत हेंच रान निराळें होतें. बहाव्याचे पिवळे घोस लोंबत होते, करवंदाच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या, आणि आपल्या राज्याचें फूल म्हणून मान पावलेलें ताम्हण जांभळ्या तुऱ्यांनीं भरलें होतें. कोशिंबाची नवी पालवी मार्चांतच तांबडी होऊन येते, इतकी कीं दुरून झाड फुललें आहे असें वाटावें. मेपर्यंत ती हिरवी होऊन जाते. ऑक्टोबरांत ऐन, साग, हेद हीं पानांनीं गच्च भरलेलीं होतीं, आणि संध्याकाळीं सातविणीच्या फुलांचा उग्र वास वाटेवर पसरला होता. हेदाचें पान हृदयाच्या आकाराचें, हें एका लहान मुलीनें कोणी न सांगतां सांगितलें. वाटेच्या कडेला कारवीचें रान होतें. तिच्या काठ्यांचे कूड करून त्यावर माती लिंपून पाड्यावरचीं घरें उभीं राहत आलीं आहेत. ही कारवी आठ वर्षांतून एकदांच फुलते; मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानांत ती २०१६ सालीं फुलली आणि पुन्हां २०२४ सालीं. म्हणजे साठ वर्षांच्या माणसानेंही तिचा बहर फार तर सातआठ वेळां पाहिलेला असावयाचा.

मोहापाशीं बाबा सर्वांत अधिक वेळ थांबले. मोहाचीं पानें फांद्यांच्या टोकांशीं झुपक्यानें येतात. मार्चएप्रिलांत त्याचीं रसाळ फुलें पहाटे टपटप गळतात, आणि पाड्यावरच्या बायकामुलें उजाडण्यापूर्वीं तीं वेंचावयास जातात. फुलें वाळवून ठेवावयाचीं, बियांचें तेल काढावयाचें. पोटाच्या कठीण महिन्यांत ह्या एका झाडानें कित्येक घरें सांभाळिलीं आहेत. आपल्याला नारळ जसा, तसा त्यांना मोह. हें ऐकल्यावर मोह हें आम्हांला केवळ एक नांव राहिलें नाहीं.

आतां नांवांविषयीं. एकाच झाडाला दोन गांवांत दोन नांवें असतात, आणि एकच नांव दोन झाडांना असतें. कुड्याचेंच पहा: एक पांढरा कुडा, एक काळा कुडा. दोघांनाही पांढरीं फुलें, दोघांनाही चीक, दोघांनाही जोडीच्या लांब शेंगा. मात्र काळ्या कुड्याच्या शेंगांचीं टोकें कोंवळेपणीं एकमेकांना चिकटलेलीं असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या असतात. आमांशावर ज्याची साल देतात, तो पांढरा कुडा. येथें नांवाची चूक म्हणजे औषधाची चूक. हा घोटाळा टाळण्यासाठींच शास्त्रज्ञांनीं प्रत्येक झाडाला सर्व जगांत एकच चालेल असें लॅटिन नांव दिलें. पण तीं नांवें हवेंतून आलीं नाहींत, हें लक्षांत ठेवावें.

सतराव्या शतकांत कोचीन येथील डच अधिकारी व्हान ऱ्हीड ह्यानें मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नांवाचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ ह्या काळांत ॲमस्टरडॅम येथें छापले गेले. ह्या कामाच्या आरंभीं त्याला ज्यांचें साहाय्य झालें, त्यांत फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ हे कार्मेलाइट संन्यासी होते. डच लोक प्रॉटेस्टंट, हे कॅथॉलिक. पण झाडांच्या प्रेमापुढें तो भेद आडवा आला नाहीं. आणि ज्यांच्या ज्ञानावर तो ग्रंथ उभा राहिला, ते इट्टी अच्युतन् हे मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्या तिघांची कोंकणी भाषेंतील साक्ष देवनागरी अक्षरांत पहिल्या खंडांत छापलेली आहे. पुढें आपल्या मुंबईंत येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) ह्यांनीं सेंट झेवियर महाविद्यालयांत वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारला. तो आजही त्यांच्या नांवानें ओळखला जातो. त्यांच्या मागून त्याच महाविद्यालयांतील फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) ह्यांनीं खंडाळ्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला, पुढें भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें प्रमुखपद भूषविलें, आणि सामान्य वाचकांसाठीं नेहमींच्या झाडांवर एक लहान पुस्तकही लिहिलें. एवढ्या थोर पंडितांनाही रानांत पाय झिजवावे लागले, आणि रानांतल्या माणसाला 'ह्याला तुम्ही काय म्हणतां?' असें विचारावें लागलें. विद्येचा उगम त्या प्रश्नांत आहे.

पण आतां हा प्रश्न विचारणारेही कमी झाले, आणि उत्तर देणारेही. बाबांना आम्हीं विचारिलें, कीं तुमच्या नातवाला हीं झाडें येतात काय? ते म्हणाले, कीं तो कारखान्यांत जातो, पहाटे निघतो व रात्रीं येतो. त्याला आठदहा येत असतील. नंतर थोडें थांबून म्हणाले, कीं कोणी विचारतो तेव्हां नांव बाहेर येतें. कोणी विचारीत नाहीं, तर तें तोंडांतच राहतें, आणि म्हाताऱ्याबरोबर जातें. ह्या वाक्यावर मला अधिक कांहीं बोलावयाचें नाहीं. फक्त एवढेंच म्हणतों, कीं आपल्याही घरांत असे म्हातारे आहेत. वाडींतल्या कुंपणाच्या झाडांचीं, विहिरीवरच्या झाडांचीं, दुखण्याखुपण्यावर उगाळून लावावयाच्या मुळ्यांचीं आपल्या बोलींतलीं नांवें त्यांच्या तोंडांत आहेत. तीं अजून कोणीं विचारिलीं नसतील, तर ह्याच वर्षीं विचारावीं.

नांव नसल्यानें काय होतें, ह्याचें एक उदाहरण सांगतों. फेब्रुवारीच्या फेरीनंतर दोनएक महिन्यांनीं एका गांवीं रस्ता रुंद करण्यासाठीं तोडावयाच्या झाडांची यादी लागली. गांवाचें व खात्याचें नांव घेण्याचें येथें प्रयोजन नाहीं. यादींत एकवीस झाडें होतीं. त्यांत आठांचीं नांवें होतीं, आंबा, चिंच, नारळ अशीं. राहिलेल्या तेरांपुढें नुसतें 'जंगली झाड' असें लिहिलें होतें. आपल्या फेरींतील एक निवृत्त शिक्षिका आणि तीन मुली वह्या घेऊन तेथें गेल्या. दोन दिवसांत त्यांनीं तेरांपैकीं अकरा झाडें ओळखिलीं. नाल्याच्या कांठीं अर्जुनाची एक जोडी होती, एक जुना कोशिंब होता, बहावा होता, कुंभा होता. त्यांनीं छातीच्या उंचीवर दोरी धरून प्रत्येकाचा घेर मोजला, गांवांतल्या वृद्धांकडून झाडांचीं वयें विचारून घेतलीं, आणि तें सर्व हरकतीच्या अर्जांत नीट मांडलें.

कायदा अशा अर्जाची दखल घेतो. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ सालचा आहे. त्यांत दर पांच वर्षांनीं झाडांची गणना करावी असें म्हटलें आहे, आणि तोडीपूर्वीं नागरिकांस हरकत घेतां येते. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष असें विशेष स्थान दिलें. परंतु कायदा झाडाचें नांव, वय व घेर विचारतो; 'तें मोठें हिरवें झाड' असें सांगून भागत नाहीं. त्या गांवीं शेवटीं काय झालें? रस्ता हवाच होता, आणि तो झाला. सतरा झाडें गेलीं. गटार कांहीं हात सरकवून अर्जुनाची जोडी, कोशिंब आणि एक चिंच, अशीं चार राहिलीं. ह्याला कोणी मोठा विजय म्हणणार नाहीं. पण 'जंगली झाड' म्हणून जीं तीन जाणार होतीं, तीं नांव मिळाल्यामुळें राहिलीं, ही गोष्ट खरी आहे.

वसईच्या हिरवाईसाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) ह्यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें जो लढा उभारला, तो ह्या सभेंतील वडील मंडळींनीं डोळ्यांनीं पाहिला आहे. कित्येकजण त्यांत चालले आहेत. तो लढा मोर्चाचा होता, आणि तो आवश्यक होता. मोर्चाला हजारों पाय लागतात. ओळखीला एक वही व एक दोरी पुरते. मोर्चा नित्य काढतां येत नाहीं, पण ओळख नित्य वाढवितां येते, आणि ज्यांची ओळख पक्की असते त्यांनाच वेळ आली म्हणजे काय राखावयाचें हें कळतें.

म्हणून शेवटीं चार व्यवहाराच्या सूचना करतों. पहिली, प्रत्येक कुटुंबानें घराजवळचें एक झाड निवडावें आणि वर्षभर महिन्यांतून एकदां त्याची पाहणी करून वहींत टिपावी: पान केव्हां गळलें, पालवी केव्हां फुटली, फूल केव्हां आलें, कोणते पक्षी येऊन बसले. एक झाड बारा महिने पाहिलें, कीं दुसरें ओळखण्यास फार प्रयास पडत नाहींत. दुसरी, वर्षाला दहा झाडें, ह्याहून अधिक हांव धरूं नये. घाईनें शिकलेलीं शंभर नांवें पावसाळ्यांत वाहून जातात. तीन तीन खुणांसह शिकलेलीं दहा जन्मभर राहतात. तिसरी, चर्चच्या आवारांतील व दफनभूमींतील झाडांना नांवाच्या लांकडी पाट्या लावाव्या, आणि त्यांवर मराठी नांव, आपल्या बोलींतलें नांव व शास्त्रीय नांव, अशीं तिन्ही असावीं. खिळे मात्र झाडाला ठोकूं नयेत; पाटी जमिनींत रोवावी. चौथी, पुढील फेऱ्या ज्युबिलीबरोबर संपूं नयेत. बाबांचें वय झालें आहे. त्यांच्याबरोबर चालण्याची संधि आणखी किती वर्षें मिळेल, हें सांगतां येत नाहीं. त्यांच्या नातवालाही सुटीच्या दिवशीं बरोबर घ्यावें, आणि वाटाड्याचा मेहनताना त्याच्याही हातीं पडावा. म्हणजे आजोबाच्या विद्येला मोल आहे हें त्याला कळेल, आणि आपल्या मुलांबरोबर तोही शिकेल.

आपल्या ह्या धर्मग्रामानें माणसांच्या नांवांच्या वह्या मोठ्या काळजीनें राखिल्या आहेत. कोण जन्मलें, कोणाचें लग्न झालें, कोण गेलें, हें त्यांत लिहिलेलें सांपडतें, आणि म्हणून आपण कोणाचे कोण, हें आपल्याला सांगतां येतें. त्या वह्यांशेजारीं झाडांच्या नांवांचीही एक वही असावी, एवढीच ह्या प्रसंगीं माझी मागणी आहे. पहिल्या पानावर लिहावयास बाबांनीं आम्हांस छत्तीस नांवें दिलीं आहेत. पुढचीं पानें कोरीं आहेत, आणि तीं भरावयाचें काम आपल्या घरोघरच्या आजीआजोबांचें व नातवंडांचें आहे.